डाव्या हाताची साक्ष

शनिवार, ३ मार्च २००७
अल मलाझ, रियाध

नवी नोकरी, म्हणून नवी वही. अकरा वर्षं भाषांतराच्या ऑफिसात लोकांचे जन्मदाखले, करारनामे टाइप केले. आजपासून एकाच माणसाचं एकच पुस्तक टाइप करायचं आहे. वही मराठीतच लिहिणार. बाणकोटच्या शाळेने तेवढं एक पक्कं शिकवलं, आणि या घरात मराठी वाचणारा एकच माणूस आहे, ड्रायव्हर गुणाजी. त्याला बिनचष्म्याचं दिसत नाही आणि चष्मा तो लावत नाही.

मालक म्हणजे प्रोफेसर मुसाइद. वय एकाहत्तर, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. बायको वारली आहे. मुलीचं नाव हिस्सा, ती दम्मामला सासरी. मुलाचं नाव तुर्की, तो इथेच शहरातल्या ओलाया भागात कुठल्याशा सल्लागार कंपनीत मोठा साहेब. घर जुनं, दुमजली. पुस्तकं जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा रचलेली, त्यामुळे जिना चढताना एका अंगाने चढावं लागतं.

पुस्तकाचा विषय ऐकून मी चक्रावलो. नऊशे वर्षांपूर्वी युरोपातले फिरंगी येऊन जेरुसलेमला राज्य थाटून बसले होते. त्या राज्यात राजाचं घर आणि राजाचं सैन्य कोण चालवायचं, कुठला अधिकारी काय काम करायचा, एवढ्याचंच पुस्तक. मी धीर करून विचारलं, "आपण मुसलमान. त्यांचं घर कसं चालायचं ते आपण कशाला लिहायचं?"

प्रोफेसर म्हणाले, "त्यांच्याशी झालेल्या लढाया सगळेच लिहितात. सकाळी उठून ते कुणाला काय विचारायचे, हे कुणीच लिहीत नाही."

आठ पानं झाली. स्पेलिंगच्या सव्वीस चुका त्यांनी काढल्या.

मंगळवार, १३ मार्च

अधिकाऱ्यांची नावं आता तोंडात बसली. सेनेशल म्हणजे राजाच्या किल्ल्यांचा आणि कोठारांचा कारभारी. कॉन्स्टेबल म्हणजे सेनापती. त्याच्या हाताखाली मार्शल. चेंबरलेन राजाच्या खोलीचा आणि कपड्यांचा, बटलर पेयांचा, आणि चॅन्सलर पत्रांचा नि शिक्क्याचा.

मी म्हटलं, "आमच्याकडे कॉन्स्टेबल म्हणजे पोलीसठाण्यातला हवालदार." प्रोफेसर हसता हसता खोकायला लागले. मग सांगितलं, की तो शब्द मुळात घोड्यांच्या पागेवरच्या माणसाचा. पागेवरचा वाढत वाढत सेनापती झाला. मार्शलचंही घोड्यांशीच नातं. लढाईत कुणाचा घोडा कामी आला, तर त्याने मार्शलकडे यायचं आणि दुसरा घोडा मागायचा.

दुपारी जेवताना गुणाजीला हे सगळं सांगितलं. तो संगमेश्वराकडचा, या घरात बावीस वर्षं. म्हणाला, "म्हंजे सेनेशल आपल्या खोताचा कारभारी. खोत बसायचा ओटीवर, आन् कुळाला लाथ मारायचा तो कारभारी." हेही प्रोफेसरांना सांगितलं. त्यांनी ते चक्क लिहून घेतलं.

शनिवार, ३१ मार्च

शेवटच्या प्रकरणाला हात घातला. त्या राज्यात आजारी राजे झाले, पोरवयाचे राजे झाले. प्रोफेसर डोळे मिटून सांगत होते, "राजा अंथरुणावर आहे. मग त्याच्या तोंडून कोण बोलणार? सेनेशल? सेनापती? नातलग? आणि जे बोललं गेलं ते राजाच्याच मनातलं, हे ठरवणार कोण? हा खरा प्रश्न. बाकी पाच प्रकरणं याच्यासाठीच लिहिली."

तेवढ्यात तुर्की आला. उंच, सुवासिक, अमेरिकेत शिकलेला. मला 'ब्रदर कादिर' म्हणतो. हातात बिल्डिंगची चित्रं होती. हे घर विकून ओलायात लिफ्टवाला फ्लॅट घ्यावा असं त्याचं म्हणणं. बापाने चित्रं बघितली, सरळ घडी घातली आणि परत दिली. तुर्की चिडला नाही. जाताना मला म्हणाला, "या जिन्यावर एक दिवस ते पडतील. तूच सांग त्यांना."

मला त्याचं पटलं. मी स्वतः त्या जिन्यावर दोनदा घसरलोय.

मंगळवार, १७ एप्रिल

सकाळी दहाला ते सांगत होते, "चॅन्सलरला शिक्का जवळ ठेवता यायचा, पण..." आणि पुढचा शब्द शब्दच नव्हता. मला वाटलं फ्रेंच असेल, मी स्पेलिंग विचारलं. या अल्लाह, मी स्पेलिंग विचारलं! त्यांनी पुन्हा तोच आवाज काढला. मग तोंडाची उजवी बाजू खाली आली, आणि ते खुर्चीतून माझ्या अंगावर कलंडले.

गुणाजीने गाडी कशी हाकली ते त्यालाच ठाऊक.

गुरुवार, १९ एप्रिल

पक्षाघात. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचा गेली. जगतील, म्हणतात. हॉस्पिटलच्या गॅलरीत तुर्की भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला रडताना पाहिलं. दम्मामहून हिस्साबाई नवऱ्याबरोबर आल्या. बुरख्याआडून मला एवढंच विचारलं, "शेवटचा शब्द काय बोलले?" मला सांगता आलं नाही.

शनिवार, ५ मे

घरी आणलं. खालच्या खोलीत पलंग टाकला, खिडकीजवळ आरामखुर्ची. टायपिंग नाही, पण तुर्की म्हणाला, "तू राहा. अब्बांना तुझी सवय आहे." माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, प्रोफेसरांच्याच नावावर आहे. दुसरीकडे कुठे जाणार? आणि जावंसंही वाटत नाही.

एक चांगलं झालं. ते मान डोलावतात. काही विचारलं की हो म्हणतात.

बुधवार, ९ मे

माणूस किती बदलतो! चहा देऊ का म्हटलं, मान डोलावली. आणला तर डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर फाडकन थाप मारली. चहा माझ्या सदऱ्यावर. मग कॉफी? मान डोलावली. कॉफी पुढे केली, पुन्हा थाप. पाणी? मान डोलावली, आणि पाणी मुकाट्याने प्यायले. दिवसभर हे असंच. डॉक्टर म्हणाले होते, अशा आजारात राग वाढतो.

गुणाजीच्या हातून मात्र सगळं नीट घेतात. तो काही विचारतच नाही, दोन-तीन वस्तू समोर धरतो नि बघत राहतो. बावीस वर्षांची सवय म्हणायची.

सोमवार, १४ मे

आज महत्त्वाचं काम झालं. तुर्कीला वडिलांचे सगळे व्यवहार बघता यावेत म्हणून कुलमुखत्यारपत्र करायचं होतं. औषधपाणी, घर, नोकरांचे इकामे, सगळंच अडलं होतं. सरकारी नोंदणी करणारा माणूस घरी आला. दोन साक्षीदार लागतात, मुसलमान पुरुष. एक तुर्कीचा मित्र आणि एक मी. तुर्की म्हणाला, "तू दिवसभर त्यांच्याजवळ असतोस. तुझ्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" खोटं का लिहू, बरं वाटलं.

त्या माणसाने मला विचारलं, "यांना कळतं का? हो-नाही कसं सांगतात?"

मी म्हटलं, "कळतं. हो असलं की मान डोलावतात."

त्याने प्रोफेसरांना मोठ्याने विचारलं, "तुमच्या वतीने खरेदी-विक्री, सही, सगळं करायचा अधिकार तुमच्या मुलाला देता?" त्यांनी मान डोलावली. आणि नेमकं तेव्हाच त्यांना तो झटका आला. खुर्चीच्या हातावर थाप, पुन्हा थाप, पुन्हा थाप. तुर्की हळूच म्हणाला, "थकलेत. ब्रदर, जरा सांभाळ." मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. जाळ्यात सापडलेल्या मासळीसारखा तो धडपडत होता. मी म्हणत राहिलो, "झालं, झालं, आता झालंच." मग अंगठा उठवायचा होता. तोही मीच धरून कागदावर टेकवला, नाहीतर शाई पसरली असती.

गुणाजी दारात उभा होता. मोडक्या अरबीत मध्येच बोलला, "साहेब, त्यांना नको हाय." तुर्कीने त्याला गाडी पुसायला पाठवलं.

नंतर गुणाजी माझ्याशी बोललाच नाही. हिंदू असल्यामुळे त्याला साक्षीला बसवलं नाही, याचं वाईट वाटलं असणार. बावीस वर्षांचा नोकर आहे, वाटणारच.

शनिवार, २ जून

गुणाजीचा खुरूज लागला. खुरूज म्हणजे कायमचं घरी जायचं, परत येणं नाही. तुर्की म्हणाला, त्याची नजर गेली आहे, उद्या कुणाला उडवेल. बरोबरच आहे, पण इतक्या लवकर? चार दिवसांची मुदत दिली होती, ती आज संपली.

मी त्याची बॅग बांधायला गेलो. म्हटलं, "गुणाजी, रागावू नको. तुझ्या भल्याचंच आहे."

तो कपड्याच्या घड्या घालत म्हणाला, "कादिरभाय, तू शिकलेला मानूस. तुला वाचता येतं म्हनून तू मान वाचतोस. हात कोन वाचनार?"

मला काही समजलं नाही. जाताना तो प्रोफेसरांच्या पाया पडला. इथे हे चालत नाही, पण त्यांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि काढेनात. मलाच तो हात उचलून बाजूला घ्यावा लागला. विमानाची वेळ झाली होती.

शनिवार, ९ जून

घर विकलं गेलं. जुलैअखेर ताबा द्यायचा. आज पुस्तकं काढली. दोन पिकअप भरून पुस्तकवाला घेऊन गेला. मी खोकी बांधली. प्रोफेसर खुर्चीत बसून बघत होते आणि हात आपटत होते. सकाळपासून दुपारपर्यंत. तळवा लालबुंद झाला. मी मलम लावलं नि खुर्चीच्या हाताला टॉवेल गुंडाळला, म्हणजे लागणार नाही. आवाजही कमी झाला.

टाइप केलेली पानं आणि कॉम्प्युटर तेवढे माझ्या खोलीत आणून ठेवले. ते कुणी मागितले नाहीत.

मंगळवार, १२ जून

आज जे झालं ते आजच लिहून ठेवतो.

हिस्साबाईंनी दम्मामहून फोनाफोनी करून एका क्लिनिकमधून वाचा शिकवणारी बाई पाठवली. नाव चित्रा, माहेर सांगलीचं, बोलणं चटपटीत. मला म्हणाली, "हो-नाही कसं सांगतात?" मी तेच सांगितलं, जे त्या दिवशी सांगितलं होतं.

ती त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली. इंग्रजीत विचारलं, "तुमचं नाव मुसाइद?" मान डोलावली.

"तुमचं नाव कादिर?" मान डोलावली.

हात टॉवेलवर आपटला, पण आवाज झाला नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल.

"तुम्ही बाई आहात?" मान डोलावली. आणि टॉवेलवर धप्प असा आवाज झाला.

चित्राने मान वर केली. "हा टॉवेल कशाला?" मी सांगितलं. तिने तो सोडून बाजूला टाकला. "पुन्हा विचारते हं, सर. बाहेर बर्फ पडतोय?" मान डोलावली. थाप. "आपण रियाधमध्ये आहोत?" मान डोलावली. हात गप्प. "मी तुमची मुलगी आहे?" मान. थाप. वीस प्रश्न विचारले तिने. वीसच्या वीस वेळा मान डोलली. थाप पडली ती फक्त खोट्यावर.

ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "कादिरभाई, त्यांची मान त्यांच्या ताब्यात नाही. या आजारात होतं असं. आतून 'नाही' म्हणायचं असतं आणि मान 'हो' म्हणते. पण हात चोख आहे. त्यांना सगळं कळतंय. पहिल्या दिवसापासून कळत असणार."

मी खाली पडलेला टॉवेल उचलला.

तो हात मी धरला होता. दोन्ही हातांनी धरला होता. झालं, झालं, म्हणत होतो.

बुधवार, १३ जून

काल पुढे लिहिता येईना. आजही काय लिहू?

दोन महिने तो माणूस ओरडत होता आणि मी त्याला मलम लावत होतो. त्याची पुस्तकं त्याच्या डोळ्यांदेखत मी खोक्यात भरली. गुणाजीच्या डोक्यावरून त्याचा हात मी उचलला. चहाचा डाग अजून त्या सदऱ्यावर आहे, आणि मी वहीत लिहिलं की राग वाढतो.

आज खोलीत गेलो तर ते माझ्याकडे बघत होते. मी नजर वळवली. मग शेवटी समोर बसलो आणि विचारलं, "मुखत्यारपत्र तुम्हांला करायचं होतं?" मान डोलली. हात इतक्या जोराने आला की पाण्याचा पेला टेबलावरून पडला.

शनिवार, १६ जून

हिस्साबाईंना फोन केला. चित्राने दाखवलं ते सगळं त्यांना सांगितलं. मग म्हणाल्या, "मी कोर्टात अर्ज करते. पण काझी मुलीचं नुसतं म्हणणं ऐकणार नाही. साक्ष तू दिलीस, परत घेणारही तूच. घेशील?"

मी उद्या सांगतो म्हटलं. भित्रा आहे मी.

संध्याकाळी तुर्की आला. त्याला कळलं होतं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "ब्रदर, तू काझीसमोर जाऊन सांगणार की तू खोटी साक्ष दिलीस? त्याची शिक्षा ठाऊक आहे? आणि तुझा इकामा आता कुणाच्या सहीने चालतो?"

"खोटी नव्हती. चुकीची होती."

"तो फरक तुझ्यासाठी कोण समजून घेणार?" गाडीच्या किल्ल्या त्याने बोटात फिरवल्या. "ते एकटे या खंडहरात मरावेत असं वाटतं तुला? मी वाईट काय केलं?"

औषधाची वेळ झाली होती, मी प्रोफेसरांच्या खोलीत गेलो.

रविवार, १७ जून

जुबेदाला फोन लावला. माझ्या बायकोपासून मी कधी काही लपवलं नाही, तरी हे सांगायच्या आधी दोनदा फोन कट केला. तुरुंग होईल, नोकरी जाईल, पोरीचं, अफशाँचं, कॉलेज अर्धवट राहील, सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "त्या म्हाताऱ्याचा हात तुम्ही धरलात?"

"हो."

"मग घरी या, मी नको म्हणत नाय. जेलात गेलात तर वाट बघीन. पण ते अंगावर घेऊन घरी येऊ नका."

फोन तिनेच ठेवला. मी हिस्साबाईंना हो कळवलं.

रविवार, ८ जुलै

काझींनी हुकूम दिला होता, आजारी माणसाला कोर्टात आणू नका, मीच येतो. सकाळी दहाला आले. पांढरी दाढी, सोबत कारकून. तुर्की, त्याचा वकील, हिस्साबाईंचे यजमान. हिस्साबाई दाराआड. चित्राही आली होती. मी काल रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं.

काझींनी मला उभं केलं. "मे महिन्यात तू म्हणालास मान डोलावली म्हणजे होकार. आता म्हणतोस, नाही. कुठला कादिर खरा मानू?"

मी म्हटलं, "दोन्ही वेळा मी जे समजलो तेच बोललो. पण तेव्हा मी त्यांचा हात धरून ठेवला होता. तो हातच नाही म्हणत होता." आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर. चाळीस वर्षांच्या माणसाने असं रडू नये.

काझींनी स्वतः विचारलं, आज शुक्रवार आहे का? थाप. तुम्हांला दोन मुलं? शांत. वकील लगेच म्हणाला, "एवढं तर पढवलेल्या लहान मुलालाही येईल. व्यवहार समजण्याइतकी बुद्धी शाबूत आहे हे कशावरून?"

काझी माझ्याकडे वळले. "हे कसलं पुस्तक लिहीत होते?" मी सांगितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "फिरंग्यांचे कारभारी? आण ती पानं. वाच. मधूनमधून खोटं वाच. मला स्वतःला यातलं काही ठाऊक नाही, तेच बरं."

मी वाचायला लागलो. इंग्रजीतून वाचायचो आणि काझींसाठी अरबीत सांगायचो. "किल्ल्यांची देखभाल बटलर करी." थाप. "किल्ल्यांची देखभाल सेनेशल करी." शांत. "लढाईत घोडा गेला तर चेंबरलेनकडे मागावा." थाप. "मार्शलकडे मागावा." शांत. कारकून लिहीत होता. वकील घड्याळ बघत होता.

मग एक खरं वाक्य वाचलं, टाइप केलेलं जसंच्या तसं. "कॉन्स्टेबल हा मार्शलचा मांडलिक होऊन त्याच्या निष्ठेची शपथ घेई." थाप पडली. खाडकन.

वकील हसला. "हे तर खोटं नव्हतं ना? तुझ्याच कागदावर आहे." काझी म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. पुन्हा थाप, आणि या वेळी त्यांनी बोटाने माझ्याकडे दाखवलं. कागदाकडे नाही, माझ्याकडे.

तेव्हा मला दिसलं. कॉन्स्टेबल वरचा, मार्शल खालचा. शपथ मार्शलने घ्यायची. मार्चमध्ये टाइप करताना मी दोन्ही नावं उलटी टाकली होती, आणि ते पान त्यांच्याकडून तपासायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "काझीसाहेब, चूक माझी आहे. टायपिंगची. त्यांचं बरोबर आहे."

काझींनी जपमाळ खिशात ठेवली. खुर्ची प्रोफेसरांच्या जवळ ओढली आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "शेख मुसाइद, मुलाला अधिकार द्यायचा होता?" थाप. "हे घर विकायचं होतं?" थाप. "मुलीला अधिकार द्यायचा आहे?" दाराआड बांगड्या वाजल्या. थाप. "तुमचा कारभार तुम्हीच करणार?" शांत. हात इतका स्थिर की जणू खुर्चीचाच भाग. "मुलाविरुद्ध फिर्याद पुढे चालवायची?"

थाप.

तुर्की भिंतीला टेकून खाली सरकला. डोक्यावरची काळी दोरी घसरून गळ्यात आली होती. फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मला खरंच वाटलं होतं की त्यांना कळत नाही."

"मलाही," मी म्हटलं.

मंगळवार, १० जुलै

मुखत्यारपत्र रद्द. घराचा सौदा रद्द. माझ्याबद्दल काझींनी लिहिलं, की साक्षीदाराने चूक स्वतःहून कबूल केली, त्याला शिक्षा नाही. कारकुनाने ते वाचून दाखवलं तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुस्तकवाल्याकडे गेलो. अर्धी पुस्तकं कुठकुठल्या गावी रवाना झाली होती. उरलेली एका पिकअपमध्ये मावली.

शनिवार, ४ ऑगस्ट

गुणाजीला फोन केला. नवा व्हिसा काढून देतो, तुझा फोटो समोर धरल्यावर प्रोफेसरांनी हात आपटला नाही, सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "नाय रे बाबा. माझं डोळं खरंच गेलं आता. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याला काय उपयोग नाय म्हनतो डागदर." मग म्हणाला, "त्यांना सांग, मी बराय." एवढंच. मला तो एकही शब्द लावून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तुर्की शुक्रवारी येतो, बापासमोर अर्धा तास बसून जातो. दोघंही बोलत नाहीत. प्रोफेसरांना प्यायला मी देतो, चहा-कॉफी-पाण्याचे तीन पेले समोर धरून.

शनिवार, २५ ऑगस्ट

चित्रा रोज त्यांच्याकडून आवाज काढून घेते. ओठ मिटा, जीभ वर न्या, श्वास सोडा. अजून शब्द नाही.

आज ती गेल्यावर मी समोर बसलो. अडीच महिने जे टाळत होतो ते विचारलं. "तुमचा माझ्यावर राग आहे?"

मान डोलली. ती डोलतेच. मी हाताकडे बघत होतो. हात खुर्चीवर होता. उठला नाही. मी थांबलो, पुन्हा विचारलं. उठला नाही. ते सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते.

म्हणजे आहे. मला ठाऊकच होतं. तरी ठाऊक असणं वेगळं.

मी म्हटलं, "मग मी जातो. खुरूज लावून घेतो. हिस्साबाई दुसरा टायपिस्ट बघतील."

त्यांचा हात वर आला, मग त्यांनीच तो खाली घेतला. तोंडाची डावी बाजू थरथरली. गळ्याची शीर तटतटली. मला वाटलं पुन्हा झटका आला, मी उठलो.

"ला," ते म्हणाले.

नाही.

चार महिन्यांत पहिला शब्द. तो आवाज ऐकून तेही दचकले आणि मीही. मग त्यांनी बोट कॉम्प्युटरकडे केलं.

मी जाऊन बसलो. शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य काढून वाचलं. तीनदा चुकलो, आणि तिन्ही वेळा त्यांनी थाप मारली.